सॅन हुआन बेटांत भाड्याची बोट घेऊन: दोघांनीच करायच्या सफरीची तयारी

सिएटल, बेल्व्यू, रेडमंड भागातल्या बहुतेक मराठी घरांनी सॅन हुआन बेटं पाहिलेली असतात, पण फेरीने जाऊन. अ‍ॅनाकॉर्टेसला गाडी चढवायची, फ्रायडे हार्बरला उतरायचं, एक लाइटहाउस, एक आइसक्रीम आणि परतीच्या फेरीची रांग. सुशिया, जोन्स, स्टुअर्ट, पॅटोस या बेटांवर फेरी जातच नाही. तिथे हॉटेल नाही, दुकान नाही. धक्क्याला, बॉयाला (म्हणजे तळाशी जखडलेल्या तरंगत्या गोळ्याला) किंवा नांगरावर आपली बोट उभी करायची आणि तिच्यातच झोपायचं. दोघांना आठवडाभराची सुट्टी असेल तर हे जमण्यासारखं आहे आणि त्यासाठी बोट विकत घ्यावी लागत नाही. दोन गोष्टींची तयारी मात्र हवी. दिवसाचं वेळापत्रक पाण्याच्या प्रवाहावरून ठरवायचं, आणि दोघांपैकी कुणावरही वेळ आली तर त्याला एकट्याने बोट धक्क्याला लावता आली पाहिजे. दुसरी गोष्ट लोक सर्रास टाळतात. नवरा सुकाणूवर, बायको स्वयंपाकाला आणि दोर फेकायला, अशी वाटणी करून निघतात. याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

केव्हा जायचं

जुलै ते सप्टेंबर. ऑलिम्पिक पर्वतरांग पाऊस अडवते, त्यामुळे उन्हाळ्यात ही बेटं सिएटलपेक्षाही कोरडी असतात. वारा बहुतेक दिवशी मंद असतो. शिडाची बोट घेतलीत तरी बराच प्रवास इंजिनावरच होईल, हे धरून चाला. लेबर डेनंतरचे (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचे) दोन आठवडे मला सर्वांत आवडतात. शाळा सुरू झालेल्या असतात, बॉये मोकळे मिळतात, आणि हवा अजून बिघडलेली नसते. ऑगस्टपासून सकाळी धुकं पडतं. ते बहुधा दुपारपर्यंत विरतं, तोवर चहा करा आणि थांबा. रडार आहे म्हणून धुक्यात फेरीच्या वाटेवर शिरण्याची हौस नको.

तारखा ठरवताना आपलं कॅलेंडर उघडून तिथीही पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. हे कोकणात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. भांगाच्या दिवसांत प्रवाह तुलनेने सौम्य असतात, म्हणून पहिली सफर अष्टमीच्या आगेमागे सुरू झाली तर बरं. मात्र या भागात चंद्राच्या उत्तर-दक्षिण सरकण्याचाही मोठा परिणाम होतो, त्यामुळे तिथी हा फक्त अंदाज. खरा हिशेब तक्त्यावरूनच करायचा.

बोट आणि कागदपत्रं

भाड्याच्या बोटी मुख्यतः अ‍ॅनाकॉर्टेस आणि बेलिंगहॅमहून निघतात. दोघांसाठी ३२ ते ३६ फुटांची एका डिझेल इंजिनाची ट्रॉलर, म्हणजे संथ चालणारी, आत राहण्याजोगी मोटरबोट, पुरेशी आहे. बंद केबिन, आत-बाहेर करायला सोपी, सात नॉट (ताशी सात सागरी मैल) वेगाने तासाला साधारण दोन-तीन गॅलन डिझेल. मोठी बोट जास्त आरामाची असं वाटतं, पण धक्क्याला लावताना प्रत्येक जादा फूट जाणवतो. बो थ्रस्टर, म्हणजे पुढचं टोक आडवं सरकवणारा छोटा पंखा, असलेली बोट मिळाली तर तीच घ्या.

वॉशिंग्टन राज्यात १ जानेवारी १९५५ नंतर जन्मलेल्यांना १५ किंवा जास्त अश्वशक्तीची बोट चालवायला बोटर एज्युकेशन कार्ड लागतं. अभ्यासक्रम ऑनलाइन होतो, कार्ड एकदा काढलं की आयुष्यभर चालतं. दोघांनीही काढा. कंपनी याशिवाय तुमचा अनुभव विचारेल. तो कमी असेल तर सफरीआधी शिकवणी घ्यायला किंवा पहिला दिवस त्यांचा कॅप्टन बरोबर ठेवायला सांगेल. याला कमीपणा मानू नका. सगळ्या खर्चात सर्वांत चांगला वसूल होणारा पैसा तोच. करार वाचताना डिपॉझिट, विम्यातली आपली जबाबदारी, डिझेलचा खर्च आणि खडकाळ भागांबद्दलच्या अटी नीट पाहा.

बोट ताब्यात घेताना कंपनीचा माणूस तासभर भराभर दाखवत जातो. तेव्हा एकाने ऐकावं आणि दुसऱ्याने फोनवर चित्रण करावं. मुद्दाम विचारण्यासारखं: इंजिनाला थंड करणारं समुद्राचं पाणी गाळणारी जाळी कुठे आहे आणि ती कशी साफ करायची, नांगराची साखळी ओढणाऱ्या विंचचा ब्रेकर कुठे, साखळीवर किती फुटांना कुठल्या रंगाची खूण, आणि डेप्थ साउंडर खोली पाण्याच्या पृष्ठभागापासून दाखवतो की बोटीच्या तळापासून. हा शेवटचा प्रश्न रात्री दोन वाजता आठवण्यापेक्षा आधीच विचारलेला बरा.

कॅनडाची गल्फ आयलंड्स नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतात, कारण आंतरराष्ट्रीय सीमा हॅरो सामुद्रधुनी आणि बाउंड्री पासमधूनच जाते. भारतीय पासपोर्ट असेल आणि ग्रीन कार्ड नसेल तर तिथे नांगर टाकण्याआधी कॅनडाचा व्हिसा हवा, शिवाय सगळ्यांनाच पोचल्यावर रिपोर्टिंग हवं आणि परत आल्यावर अमेरिकन कस्टम्सकडे नोंद हवी. पहिल्या सफरीत हे लचांड नको. पश्चिमेकडच्या बेटांवर फोन आपोआप कॅनडाचा टॉवर पकडतो, म्हणून रोमिंग डेटा बंद ठेवा.

प्रवाहाचं घड्याळ

समजा, तुमची बोट सात नॉटने चालते आणि समोरून तीन नॉटचा प्रवाह येतोय. बारा सागरी मैल जायला तीन तास लागतील. तोच प्रवाह पाठीमागून असेल तर सव्वा तासाच्या आत पोचाल. म्हणून आधी आज कुठे जायचं आणि मग किती वाजता निघायचं, असं ठरवू नका. पाणी कुठल्या वेळी कुठे वाहतंय ते पाहून दोन्ही एकत्र ठरवा.

रोझारियो आणि हॅरो या दोन्ही सामुद्रधुन्यांत भरतीचं पाणी ढोबळमानाने उत्तरेकडे जातं आणि ओहोटीचं दक्षिणेकडे. अर्थात उत्तरेला जाताना भरती, परतताना ओहोटी. इथे नवखे एक घोटाळा करतात. भरती पूर्ण झाली की प्रवाह थांबतो असं ते धरून चालतात. प्रत्यक्षात पाण्याची उंची वाढायची थांबल्यावरही प्रवाह एखाद तास किंवा अधिक काळ त्याच दिशेने वाहू शकतो. त्यामुळे उंचीचा तक्ता वेगळा आणि प्रवाहाचा तक्ता वेगळा. नोआच्या (अमेरिकेच्या हवामान-समुद्र खात्याच्या) साइटवर दोन्ही फुकट मिळतात, बोटीवरच्या नकाशा दाखवणाऱ्या प्लॉटरवर आणि नाव्हिऑनिक्ससारख्या अ‍ॅपवरही दिसतात. आम्ही आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाच्या वेळा कागदावर उतरवून सुकाणूजवळ चिकटवतो. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असल्या तरी त्या सारख्या नसतात. एक ओहोटी खोल, दुसरी नावापुरती. फ्रायडे हार्बरला सर्वांत वरच्या भरतीपासून सर्वांत खालच्या ओहोटीपर्यंतचा सरासरी फरक पावणेआठ फुटांच्या आसपास आहे, मोठ्या उधाणाला तो अकरा-बारा फुटांवर जातो. उन्हाळ्यात खोल ओहोट्या दिवसा, दुपारच्या आगेमागे येतात. त्या वेळी लोपेझ बेटावरच्या फिशरमन बेसारख्या उथळ तोंडाच्या खाडीत शिरायचं नाही.

वारा आणि प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध असले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. दक्षिणेचा पंधरा नॉटचा वारा आणि त्याच वेळी दक्षिणेकडे धावणारी ओहोटी असेल तर रोझारियोत कपबश्या कपाटातून बाहेर येतील. त्या दिवशी दोन तास थांबा. सॅन हुआन आणि लोपेझच्या मधला कॅटल पास आणि व्हिडबी बेटाच्या टोकाचा डिसेप्शन पास या दोन अरुंद जागा पहिल्या सफरीत सोडूनच द्या. डिसेप्शनमध्ये पाणी आठ नॉटपर्यंत धावतं, म्हणजे तुमच्या बोटीपेक्षा जास्त वेगाने.

दोघांत कोण काय करणार

माझं मत असं की नांगर टाकताना आणि धक्क्याला लागताना अंगात जास्त ताकद असलेल्याने दोर, साखळी, बोटहुक (लांब दांड्याचा आकडा) सांभाळावं आणि दुसऱ्याने सुकाणू. गिअर बदलायला बळ लागत नाही, वारा बोटीला ढकलत असताना दोर ओढायला लागतं. इथे धक्क्यांवर नेमकं उलटं चित्र दिसतं: उंचापुरा गृहस्थ वर चाकामागे उभा, आणि खाली त्याची बायको उडी मारायच्या बेतात, वरून सूचनांचा भडिमार. उडी कधीच मारायची नाही, बोट धक्क्याला टेकल्यावर पाऊल टाकायचं. पहिल्या दिवशी मोकळ्या जागी दोघांनी आळीपाळीने तासभर सराव करा. आमच्याकडे चाक माझ्या हातात असतं. दोघांसाठी हेडसेटची जोडी घेतलीत तर ओरडावं लागत नाही, नाहीतर हाताच्या खुणा ठरवून घ्या: पुढे, मागे, न्यूट्रल, थांब. एवढ्या चार पुरतात.

धक्क्याला लागताना एकच दोर महत्त्वाचा. बोटीच्या मधल्या क्लीटला (दोर अडकवायच्या खुंटीला) बांधलेला दोर हातात घेऊन खाली उतरायचं, आणि तो धक्क्यावरच्या थोड्या मागच्या क्लीटला अडकवायचा. चाकावरच्या माणसाने सुकाणू धक्क्यापासून उलट्या बाजूला पूर्ण वळवून इंजिन कमीत कमी वेगात पुढच्या गिअरमध्ये ठेवायचं. दोर ताणला जातो आणि बोट धक्क्याला चिकटून उभी राहते. आता पुढचा-मागचा दोर चहा पीत पीत बांधला तरी चालेल.

राज्य उद्यानांतल्या बॉयाचं तंत्र वेगळं. बॉयाच्या डोक्यावर कडी असते, तिच्यातून तुमचा दोर ओवून परत बोटीवर आणायचा. ट्रॉलरचं पुढचं टोक पाण्यापासून इतकं उंच असतं की तिथून वाकून कडीपर्यंत हात पोचत नाही, आणि दहा मिनिटं बोटहुकशी झटापट करणारी जोडपी रोज दिसतात. सोपा उपाय असा: दोराचं एक टोक पुढच्या क्लीटला बांधा, उरलेला दोर रेलिंगच्या बाहेरून बोटीच्या मागच्या भागापर्यंत आणा. चाकावरच्याने बॉया बोटीच्या कुशीला, जिथे कठडा सर्वांत खाली आहे तिथे आणून न्यूट्रल करावं. दुसऱ्याने बोटहुकने कडी वर ओढून दोर ओवावा आणि ते टोक हातात धरून पुढे चालत जावं. इंजिनाच्या पंख्याजवळ सैल दोर राहणार नाही एवढं पाहा. बॉये आगाऊ आरक्षित होत नाहीत, आधी येईल त्याला मिळतात. उन्हाळ्यात दुपारी एक-दोनच्या आत पोचलात तर निवड करता येते.

नांगराचा हिशेब

बॉया नसेल तेव्हा नांगर. समजा, दुपारी दोन वाजता साउंडर पंधरा फूट दाखवतोय. तक्ता म्हणतो, आत्ता पाणी १ फुटावर आहे, रात्री ८ फुटांपर्यंत चढेल आणि उद्या सकाळी अकराला शून्याच्या खाली २ फूट उतरेल. म्हणजे रात्री खोली सात फुटांनी वाढून बावीस होणार. त्यात बोटीच्या पुढच्या टोकाची उंची पाच फूट मिळवा, झाले सत्तावीस. शांत हवेत याच्या चौपट साखळी सोडायची, वारा असेल तर पाचपट: साधारण ११० ते १३५ फूट. उद्या सकाळी खोली बारा फूट उरेल. बोट चार फूट पाण्यात बुडत असेल तर तळाखाली आठ फूट शिल्लक, ठीक आहे. दोन मिनिटांचं गणित आहे, पण ते न करता झोपायचं नाही.

साखळी सोडून झाल्यावर इंजिन हळूच मागे टाका आणि काठावरची दोन झाडं एका रेषेत धरून बघा. ती हलली नाहीत तर नांगराने तळ पकडला. फोनवर नांगराचा अलार्म लावा. ईलग्रासवर, म्हणजे समुद्री गवतावर नांगर टाकू नका. सॅमन आणि खेकड्यांची पिल्लं तिथेच वाढतात आणि नांगर त्यात नीट धरतही नाही.

वाट

पहिला दिवस छोटाच ठेवा. अ‍ॅनाकॉर्टेसहून रोझारियो ओलांडून थॅचर पासमधून लोपेझच्या स्पेन्सर स्पिटला. अंतर दहा-अकरा सागरी मैल, पण वाटेत रिफायनरीकडे जाणारे तेलाचे टँकर आणि फेऱ्या दोन्ही भेटतात. त्यांना वाट द्यायची, वादच नाही. फेरीने पाच आखूड भोंगे दिले तर ते तुमच्यासाठीच आहेत.

दुसऱ्या दिवशी फ्रायडे हार्बर. मरिनाला बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या ६६ए चॅनलवर हाक मारली की जागा सांगतात. पाणी भरा, भाजी घ्या, व्हेल म्युझियम पाहा. तिथून पुढे गॅरिसन बे. १८५९ साली एका अमेरिकन शेतकऱ्याने आपल्या बटाट्याच्या वाफ्यात शिरलेलं ब्रिटिश कंपनीचं डुक्कर मारलं, आणि त्यावरून दोन देशांच्या फौजा या बेटावर येऊन बसल्या. ब्रिटिशांची छावणी याच खाडीच्या काठी होती. गोळी एकही चालली नाही, निकाल १८७२ मध्ये जर्मन सम्राटाच्या लवादाने लागला. जेवायला रोश हार्बर जवळच आहे.

मग स्टुअर्ट बेट. रीड हार्बर ही लांबट, चारी बाजूंनी झाकलेली खाडी, पहिल्यांदा नांगर टाकायला आदर्श. डिंगीने (बोटीबरोबरच्या छोट्या होडीने) काठाला लागून टर्न पॉइंटच्या दीपगृहापर्यंत चालत जा, अर्धा दिवस मोडतो. प्रचंड मालवाहू जहाजं तिथे अगदी समोर वळण घेतात.

सुशियाला दोन रात्री द्या, तीन दिल्या तरी पश्चात्ताप होणार नाही. घोड्याच्या नालासारख्या आकाराचं हे बेट, वाऱ्या-पाण्याने कोरलेले वाळूच्या दगडाचे कडे, आणि प्रत्येक दिशेला तोंड असलेल्या खाड्या. त्यामुळे वारा फिरला तर बेटाला वळसा घालून दुसऱ्या खाडीत जाता येतं. सूर्यास्तासाठी शॅलो बे. तिच्या तोंडाशी दोन खुणा आहेत, बरोबर त्यांच्या मधून जायचं. इको बे मोठी आहे पण आग्नेयेच्या वाऱ्याला उघडी. फॉसिल बेजवळ २०१२ मध्ये डायनासोरच्या मांडीच्या हाडाचा तुकडा सापडला, वॉशिंग्टन राज्यातला पहिलाच. जीवाश्म बघायचे, उचलायचे नाहीत. १९६०च्या सुमारास इथल्या बोट क्लबांनी वर्गणी काढून हे बेट विकत घेतलं आणि उद्यान खात्याच्या हवाली केलं, नाहीतर आज तिथे बंगल्यांचे प्लॉट असते.

शेवटची रात्र सायप्रस बेटावर काढा. सुशियाहून ओहोटीबरोबर खाली या, ईगल हार्बरमध्ये बॉया घ्या. तिथून अ‍ॅनाकॉर्टेस अगदी जवळ आहे.

ऑर्का आणि खडक

सदर्न रेसिडेंट, म्हणजे इथल्याच कळपांतल्या सॅमन खाणाऱ्या ऑर्का (किलर व्हेल), आता सत्तर-पंचाहत्तरच्या आसपास उरल्या आहेत. जानेवारी २०२५ पासून त्यांच्यापासून १,००० यार्ड, म्हणजे साधारण ९१५ मीटर दूर राहणं राज्यात कायद्याने बंधनकारक आहे. सील खाणाऱ्या दुसऱ्या जातीच्या ऑर्का आणि या, लांबून ओळखू येत नाहीत, तेव्हा सगळ्यांनाच तेवढं अंतर द्या. अचानक जवळ निघाल्या तर इंजिन न्यूट्रल. मनसोक्त बघायच्या असतील तर सॅन हुआनच्या पश्चिम काठावरचं लाइम किल्न उद्यान बरं. संरक्षित खडकांपासून, जिथे पक्षी आणि सील बसतात, २०० यार्ड दूर राहा.

थंड पाणी

हवा पंचवीस अंश असली तरी समुद्र दहा-बारा अंशच असतो. पडलेल्या माणसाचा पहिला मिनिट धाप आवरण्यात जातो, हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटं. डेकवर लाइफ जॅकेट, रात्री लघवीला बाहेर जायचं नाही, एकटं असताना कठड्यापाशी वाकायचं नाही. एक पडला की बोटीवर एकच उरतो. म्हणून लाइफस्लिंग, म्हणजे लांब दोराला बांधलेला तरंगता पट्टा, दोघांनाही वापरता यायला हवा. पट्टा पाण्यात सोडून पडलेल्याभोवती बोट गोल फिरवायची, दोर त्याच्या हाताशी येतो, मग इंजिन बंद करून ओढायचं. फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायचा फुगा) पाण्यात टाकून याचा सराव करा. व्हीएचएफचा चॅनल १६, संकटाचा संदेश पाठवणारं लाल बटण आणि काय बोलायचं त्याचा कागद रेडिओशेजारी लावा.

तरंगते ओंडके आणि खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे बॉये हे रोजचे शत्रू, म्हणून वेग कमी आणि नजर पाण्यावर.

स्वयंपाक, पाणी, संडास

प्रेशर कुकर न्या. बोट डुलली तरी सांडत नाही, गॅस वाचतो. स्वयंपाक झाल्यावर सोलेनॉइडचं, म्हणजे गॅस अडवणाऱ्या झडपेचं, बटण बंद करायचं, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साचतो. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पिठल्याचं बेसन, लसणाची चटणी यांना फ्रिज लागत नाही. खेकडे पकडायचे असतील तर परवाना आणि नोंदीचं कार्ड दोघांचं वेगवेगळं. डंजनेस जातीचा असेल तर नरच ठेवायचा, पाठीची रुंदी सव्वासहा इंच तरी हवी. मोसमातही काही वार बंदी असते, ते निघण्याआधी पाहा. मालवणी मसाला घरून न्या, फ्रायडे हार्बरला मिळणार नाही.

या बेटांभोवतीचं सगळं पाणी २०१८ पासून मैला सोडण्यास बंदी असलेल्या क्षेत्रात येतं, प्रक्रिया केलेलासुद्धा. मैल्याची टाकी छोटी असते, म्हणून सफरीच्या मध्यावर फ्रायडे हार्बर किंवा रोश हार्बरला पंप-आउट करा, म्हणजे ती उपसून घ्या. पोटातून न आलेलं काहीही आत टाकू नका, टिश्यूसुद्धा वेगळ्या पिशवीत. तुंबलेला पंप दुरुस्त करण्याचं काम दोघांपैकी कुणाच्याच वाटणीत नसतं.

परतीच्या सकाळी डिझेलच्या धक्क्यावर भाड्याच्या सगळ्या बोटी एकदमच येतात. सायप्रसहून सातला सुटा, टाकी भरा, संडासाची टाकी रिकामी करा, पावत्या जपून ठेवा. कुठे ओरखडा पडला असेल तर कंपनीने शोधण्याआधी आपणच दाखवा.